बाहुल्याला घाबरतो, राक्षसाला जांभई देतो

शेवग्याची_शेंग

रविवारी ताईकडे गेलो होतो. भाचा आठ वर्षांचा, तिसरीत. दुपारी त्याने मला टीव्हीवर सुपरहिरोंचा एक परदेशी सिनेमा दाखवला. आभाळाला भोक पडतं, त्यातून राक्षस उतरतात, अख्खं शहर पत्त्यांच्या बंगल्यासारखं कोसळतं, आणि आमचं बाळ शांतपणे चिवड्यातले शेंगदाणे वेचतंय. मध्येच जांभई दिली. वर मला विचारतो, "मामा, पुढे ढकलू? आता नुसती मारामारीच आहे."

संध्याकाळी मी सूड उगवला. 'झपाटलेला' लावला, १९९३ चा. तात्या विंचूने पहिल्यांदा मान वळवली तेव्हा पोरगं माझ्या मांडीत. रात्री साडेअकराला ताईचा फोन, "काय दाखवलंस त्याला? बाथरूमला एकटा जाईना!"

आता मला सांगा, फूट-दोन फुटांचा बाहुला, ओठ फक्त वरखाली होतात, तो बाहुला आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. समोर कोट्यवधी डॉलरचे राक्षस. तरी भीती बाहुल्याचीच का? हाताने केलेल्या करामतीत असं काय असतं जे संगणकाला जमत नाही? की मीच म्हातारा झालोय?

खारी_बिस्कीट

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो.

उंबरठा

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. 😀

गिरगावचा_गिरमिट

तात्या विंचूचं श्रेय शब्दभ्रमकार रामदास पाध्यांच्या हाताला. ज्या घरात वडिलांनी अर्धवटराव हा बोलका बाहुला घडवला त्या घरातला माणूस आहे तो. बाहुल्याने नुसतं तोंड हलवून भागत नाही, बोलण्याआधी तो श्वास घेतोय असं वाटावं लागतं. मान किंचित मागे, मग वाक्य. हे पाध्ये अर्धवटरावाकडून स्टेजवर करून घेतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना तुमचा भाचा मांडीत का शिरला ते कळेल.

जाता जाता, 'झपाटलेला' आणि 'जुरासिक पार्क' एकाच वर्षातले. आपल्याकडे डायनासोर हिंदीत बोलत १९९४ ला आले. दोन्ही मी एकाच थेटरात, एकाच खिळा वर आलेल्या खुर्चीत बसून पाहिलेत.

खारी_बिस्कीट

आता गंभीरपणे. हा निव्वळ स्मरणरंजनाचा मामला आहे. तुम्ही चौथी-पाचवीत असताना जे पाहिलंत ते खरं वाटलं, त्यानंतरचं सगळं खोटं. माझे वडील म्हणतात 'जुरासिक पार्क'मध्ये काय ठेवलंय, त्यांना अजून रामानंद सागरांच्या रामायणातले बाण भारी वाटतात. एक बाण इकडून, एक तिकडून, मध्ये ठिणग्या, आणि सात मिनिटं दोघं एकमेकांकडे बघून स्मितहास्य. त्यात तरी काय खरं होतं? तरी लोक टीव्हीला हार घालत होते.

शेवग्याची_शेंग

@खारी_बिस्कीट, माझं स्मरणरंजन कबूल. पण भाच्याचं कुठून आलं? त्याचा जन्मच २०१६ चा!

मालवणी_खाजा

एका भाच्यावरून सिद्धान्त मांडू नका हो. माझी लेक नऊ वर्षांची. तिने तात्या विंचू बघितला आणि ती पोट धरून हसली. "बाबा, ह्येका कोणीतरी खालसून धरलाहा." संपला विषय.

रात्रपाळी

या धाग्याची वाट बघत होतो. मी गेली अकरा वर्षं व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातल्या संगणकी करामतींच्या धंद्यात आहे, मुंबईत. रोटोपासून (चित्रातली माणसं-वस्तू कापून वेगळी काढणं) सुरुवात केली, आता कॉम्पमध्ये (सगळे तुकडे एका चित्रात बेमालूम जोडणं). म्हणजे तुम्ही ज्याला 'संगणकाने केलं' म्हणता तो संगणक मीच, माझी पाठ दुखते आणि मला चहा लागतो.

तर मुद्दा असा की तुम्हाला फक्त वाईट सीजी, म्हणजे संगणकावर केलेलं चित्र, दिसतं. चांगलं दिसतच नाही, म्हणून तुम्ही ते मोजत नाही. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) घ्या. सगळे म्हणतात बघा, नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या गाड्या, खरी माणसं बांबूवर झुलतायत. बरोबर आहे, ते खरंच केलंय. पण त्याच सिनेमात जवळपास दोन हजार शॉट्सवर आमच्या जातभाईंचं काम आहे. फ्युरिओसाचा तुटका हात? नटीच्या हातावर हिरवी बाही, ती नंतर पुसलेली. ते वाळूचं अजस्र वादळ? संगणक. मागचे डोंगर, आभाळाचा रंग, गाड्यांना लावलेल्या सुरक्षेच्या तारा पुसणं, सगळं आलं. तरी हा सिनेमा 'खऱ्या करामतीं'च्या खात्यात जमा.

हल्ली तर 'आम्ही संगणक वापरलाच नाही' हीच जाहिरात झालीय. नट मुलाखतीत छाती पुढे काढून सांगतो आणि खाली श्रेयनामावलीत आमची चारशे नावं मुंगीएवढ्या अक्षरात धावत असतात. थेटरात तोवर दिवे लागलेले असतात आणि तुम्ही पार्किंगमध्ये.

उंबरठा

@रात्रपाळी, पार्किंगमध्ये असते हे खरंय. पुढच्या वेळी थांबेन. पण मग प्रश्न तसाच राहतो ना? चांगलं सीजी दिसत नाही हे मान्य. पण जिथे ते दिसावं म्हणूनच केलंय, राक्षस, अजगर, कोसळणारं शहर, तिथे जीव का घाबरत नाही?

रात्रपाळी

कारण बऱ्याचदा तिथे वजन नसतं. चार टनांचा प्राणी उडी मारतो आणि जमिनीवर आल्यावर त्याच्या मांडीचं मांस हलत नाही. माती दबत नाही. किंवा कॅमेराच असा उडतो की जगात कुठलाही कॅमेरामन तिथे उभा राहूच शकत नाही, राक्षसाच्या नाकपुडीतून शिरून कानातून बाहेर. डोळ्याला ते बोलून दाखवता येत नाही, पण कळतं.

आणि उजेड. सेटवर एक राखाडी गोळा आणि एक आरशासारखा चकचकीत गोळा धरून फोटो काढतात, म्हणजे तिथे प्रकाश कुठून येत होता ते आम्हाला नंतर कळतं. दोन मिनिटांचं काम. पण शूटिंगच्या गडबडीत 'अरे ते गोळेवाले बाजूला घ्या' म्हणून हाकलतात. मग आम्ही इथे अंधारात बसून सूर्य कुठे होता ते नटाच्या नाकाच्या सावलीवरून शोधतो.

आता शुक्रवारी संध्याकाळी आलेल्या शॉटबद्दल बोलत नाही. सोमवारी सकाळी द्यायचा असतो. आणि सोमवारी दुपारी निरोप येतो, "ड्रॅगन नको, गरुड करा."

फिरस्ता_नगरकर

ड्रॅगन नको गरुड करा 😂😂 हसून हसून पुरेवाट. आमच्या ऑफिसात पण हेच, फक्त ड्रॅगनच्या जागी एक्सेल शीट.

आण्णा_७४

मंडळी, दोन शब्द ज्येष्ठ नागरिकाचेही ऐका. हा वाद १९९३ चा नाही, आपल्या सिनेमाच्या जन्मापासूनचा आहे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) आधी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत त्याचा वेल केला. पडद्यावर मिनिटभरात रोप उगवतं. ते बघून भांडवलदाराने पैसे दिले. म्हणजे आपला सिनेमा उभा राहिला तोच मुळी करामतीच्या जोरावर! फाळके जादूचे प्रयोगही करत. आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केल्फा'. 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं आणि भल्या थोरल्या नागाशी झुंजवलं. ती फिल्म सुदैवाने बरीचशी टिकली आहे, जरूर पाहावी. नाग कापडाचा आहे की कशाचा हा विचार पहिल्या मिनिटानंतर मनात येत नाही.

आणि कोल्हापुरात बाबुराव पेंटर. 'सैरंध्री' (१९२०) मधला कीचकवध इतका हुबेहूब होता की प्रेक्षक बायका घेरी येऊन पडल्या आणि तो भाग काढायला लावला, असं आमच्या लहानपणी जुनी माणसं सांगत. मूकपट तो! आवाजसुद्धा नाही.

'संत तुकाराम' (१९३६) मधलं वैकुंठाला जाणारं विमान तर मी प्रभातच्या त्याच आवारात, म्हणजे आताच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, एका खास खेळात पाहिलं आहे. विमान काय ते दिसत होतं. तरी शेजारच्या आजींनी हात जोडले.

खारी_बिस्कीट

आण्णा, आजींनी विमानाला नाही, तुकोबांना हात जोडले. माझा मुद्दा तोच. गोष्टीत जीव असला की दोरी दिसली तरी चालते.

गिरगावचा_गिरमिट

दोरीवरून आठवलं. बाबूभाई मिस्त्री! १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त अदृश्य माणूस दाखवायचा होता. बाबूभाईंनी काळ्या पडद्यापुढे काळ्या धाग्याने वस्तू हलवल्या. धागा दिसेना, वस्तू चालू लागल्या. त्यावरून त्यांचं नावच पडलं, 'काला धागा'. पुढे पन्नास वर्षांनी, १९८७ मध्ये, 'मिस्टर इंडिया'तल्या अदृश्य नायकासाठी पीटर परेरांनी जे केलं त्याचे हे आजोबा.

फिरस्ता_नगरकर

म्हणजे हा आता काळ्या धाग्यावरचा धागा झाला. संपादक, नजर लागू नये म्हणून असाच बांधून ठेवा.

यल्लम्मा_एक्सप्रेस

माझा अनुभव सिनेमाचा नाही, पण बसतो का बघा.

आमच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान, सांगलीकडे. गणपतीत ते मंडळांचे हलते देखावे करायचे. जुन्या ट्रकच्या वायपरची मोटर, सायकलची चेन, बेअरिंग, वर कागदाचा लगदा आणि कापड. एका वर्षी कालियामर्दनच केलं होतं (आण्णांनी आठवण करून दिली). पाच फण्यांचा नाग, मोटर फिरली की फणा वर, मग खाली. वरती कृष्ण.

तिसऱ्या दिवशी पावसात कापड भिजलं, फणा जड झाला आणि पट्टा घसरायला लागला. मग तो फणा एका दमात वर न जाता थरथरत, अडखळत वर जायचा, टोकाला क्षणभर थांबायचा आणि धाडकन खाली. वडील डोक्याला हात लावून बसले. पण गर्दी दुप्पट! बायका पोरांचे डोळे झाकत होत्या. मंडळाचे अध्यक्ष येऊन म्हणाले, "दादा, दुरुस्त करू नका, हायकी ते ब्येस हाय."

पुढच्या वर्षी वडिलांनी मुद्दाम तसं थरथरतं करायचा प्रयत्न केला. जमलं नाही. नुसतं बिघडल्यासारखं दिसायचं.

रात्रपाळी

@यल्लम्मा_एक्सप्रेस, ताई/दादा, तुम्ही नकळत 'जुरासिक पार्क'ची गोष्ट सांगितलीत!

स्टॅन विन्स्टनच्या कारखान्याने टी-रेक्स बांधला होता तो खरोखर चार टनांच्या आसपास. पोलादी सांगाडा, हायड्रॉलिक्स, वरून फोम रबरची कातडी. तो सीन पावसातला. फोमने स्पंजसारखं पाणी प्यायलं, वजन वाढलं आणि अख्खा डायनासोर थरथरायला लागला, थंडी भरल्यासारखा. दोन शॉट्सच्या मध्ये लोक टॉवेल घेऊन डायनासोर पुसत बसायचे. आता तो सीन बघताना मुलांच्या चेहऱ्यावरची भीती बघा. काचेतून घुसलेलं ते धूड तिथे खरंच होतं.

आणि ते पेल्यातल्या पाण्यातले तरंग? डॅशबोर्डच्या खाली गिटारची तार ताणून ती छेडली होती. बस्स.

दोन तासांहून थोड्या मोठ्या त्या सिनेमात डायनासोर पडद्यावर जेमतेम पंधरा मिनिटं आहेत, त्यातली संगणकाची सहाएक. बाकी सगळी वाट बघायला लावणं. का? कारण महाग होतं, अवघड होतं. आज दिग्दर्शकाला वाटतं दाखवता येतंय तर दाखवू, आणि तो अडीच तास दाखवत राहतो.

यल्लम्मा_एक्सप्रेस

दादा आहे. वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, "त्यांनी पण पट्टा बदलला नाही का?"

उंबरठा

पट्टा 😂 बाबांना नमस्कार सांगा.

म्हणजे गंमत अशी दिसते की वस्तू आपलं ऐकत नाही. पावसात भिजते, अडखळते, जड होते. संगणकातला राक्षस फारच आज्ञाधारक असतो, त्याला कधी शिंक येत नाही.

रात्रपाळी

म्हणून आम्ही ती शिंक हाताने घालतो. कॅमेऱ्याला खोटा धक्का, भिंगावर खोटी धूळ, डोळ्याच्या कोपऱ्यात खोटा ओलावा. 'लाइफ ऑफ पाय'मधला (२०१२) वाघ आठवा. मोजके शॉट सोडले तर तो वाघ बोटीत कधी नव्हताच. किती जणांना कळलं?

त्याच कामाला फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑस्कर मिळालं. ते करणाऱ्या 'रिदम अँड ह्यूज'ने त्याच्या पंधरवडाभर आधीच दिवाळखोरीचा अर्ज केला होता. मुंबई आणि हैदराबादलाही त्यांची ऑफिसं होती. मंचावर त्यांचा माणूस कंपनीच्या अडचणीबद्दल बोलायला लागला तर त्याच्यावर 'जॉज' या शार्कपटाचं संगीत वाजवून त्याला गप्प केलं. बाहेर रस्त्यावर व्हीएफएक्सवाले निदर्शनं करत होते. तो व्हिडिओ मी वर्षातून एकदा बघतो. का ते विचारू नका.

मालवणी_खाजा

रे बाबा. ह्या ठाऊक नव्हता.

पुढचं_पाऊल_मागे

सगळे 'खऱ्या करामती'ची आरती ओवाळताय म्हणून जरा पाणी ओततो. माझा मावसभाऊ मारामारीच्या टीममध्ये आहे. त्याच्या गुरूंच्या काळात उडी मारताना वापरायची तार बारीक असायची, कारण जाड तार पडद्यावर दिसते. बारीक तार तुटते. आता तार जाडजूड, कमरेला पट्टा, आणि ती नंतर रात्रपाळीभाऊंसारखे कोणीतरी पुसतात. माझ्या भावाची कंबर शाबूत आहे ती संगणकामुळे.

१९८२ मध्ये अमेरिकेत 'ट्वायलाइट झोन'च्या सेटवर स्फोटांमुळे खरं हेलिकॉप्टर कोसळलं, नट व्हिक मॉरो आणि दोन लहान मुलं गेली. 'मदर इंडिया'च्या (१९५७) वेळी गवताच्या गंजी खरोखर पेटवल्या, वारा फिरला, नर्गिस आत अडकल्या, सुनील दत्तनी उडी घेतली म्हणून वाचल्या. आपण ती गोष्ट प्रेमकथा म्हणून सांगतो. मला ती अपघाताची वाटते. २०२१ ला 'रस्ट'च्या सेटवर बंदुकीतून खरी गोळी सुटून छायाचित्रकार हॅलिना हचिन्स गेल्या. बंदुकीच्या तोंडची आग तर संगणकावर करता येते.

प्राण्यांचंही तेच. घोड्याच्या पायात तार अडकवून त्याला पाडायचे पूर्वी. आता प्राणी वापरायला परवानग्या लागतात, म्हणून बैल, साप, कुत्री संगणकातून येतात. येऊ देत. जरा रबरी दिसले तर दिसले.

शेवग्याची_शेंग

@पुढचं_पाऊल_मागे, याला माझ्याकडे उत्तर नाही. तारेचं तर कधी डोक्यातच आलं नव्हतं.

चकली_भाजणी

बैल रबरी चालेल हो, पण गड? हल्लीच्या आपल्या ऐतिहासिक सिनेमांत सह्याद्री असा दिसतो की ढगात तरंगणारा बर्थडे केक. आम्ही दर रविवारी गड चढणारी माणसं. कातळ ओला असतो, त्याला शेवाळ असतं, पायऱ्या झिजलेल्या असतात. महाराष्ट्रात राहून कातळ संगणकातून आणायचा म्हणजे कोकणात राहून बाजारातून नारळ आणण्यासारखं.

रात्रपाळी

@चकली_भाजणी, गडावर आता शूटिंगची परवानगी सहजी मिळत नाही, आणि मिळूही नये. दगडावर खिळे ठोकणारे महाभाग असतात. पण केकबद्दल सहमत. तो केक बहुतेक चार दिवसांत भाजलेला असतो.

कोथिंबीर_वडी

कोणी 'तुंबाड' (२०१८) म्हटलंच नाही? त्यात दोन्ही आहे. पाऊस खरा, त्यासाठी कित्येक पावसाळे थांबले. आणि ती आजी! त्या मेकअपच्या आत एक मुलगा आहे, मोहम्मद समद, जो पुढे सिनेमात विनायकच्या मुलाचं काम करतो तोच. मी हे कळल्यावर परत पाहिला. माहीत असूनही आजीने डोळे उघडले तेव्हा उशी तोंडावर.

उलटं उदाहरण 'द थिंग' हा इंग्रजी भयपट. १९८२ मध्ये रॉब बॉटिनने रबर, चिकटा आणि काय काय वापरून जे किळसवाणं करून ठेवलंय ते आजही जेवताना बघवत नाही. २०११ च्या भागासाठीही खरे पुतळे बनवले होते, कष्टाने. मग वरच्यांना वाटलं जुनाट दिसतंय, आणि बरेचसे संगणकाने झाकून टाकले. बनवणाऱ्यांनी नंतर मूळ चित्रण लोकांना दाखवलं. ते बघून वाईट वाटतं.

पेणकर_मूर्तिवाले

उशिरा आलो, सीझन चालू आहे.

बाहुल्याबद्दल बोलतो. आमच्याकडे मूर्ती रंगवून पूर्ण होते तरी ती शाडूच असते. शेवटी डोळ्यांची आखणी करतात. ते काम कारखान्यात एक-दोघांच्याच हातचं, त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलत नाही. बुबुळ सुताएवढं इकडेतिकडे झालं की मूर्ती भलतीकडेच बघते. बरोबर बसलं की तुम्ही कुठेही उभे राहा, तुमच्याकडे बघते. पोरं त्या क्षणापर्यंत मूर्तीभोवती खेळतात. आखणी झाली की आपोआप चप्पल काढतात, कोणी सांगत नाही.

तुमचा भाचा राक्षसाला का भीत नाही? राक्षस त्याच्याकडे बघतच नाही. तो शहर पाडण्यात गुंतलाय. आणि तो काही भाच्याच्या खोलीत मावणार नाही. बाहुला मावतो.

खारी_बिस्कीट

पेणकरकाका, या प्रतिसादाची मात्र वाचनखूण साठवली आहे. पण मग हा प्रश्न संगणक विरुद्ध हात असा राहतच नाही ना? संगणकातलाही एखादा छोटा, खोलीत मावणारा, आपल्याकडे बघणारा केला तर?

पेणकर_मूर्तिवाले

करा की. आखणी ज्याच्या हातात बसलीय त्याला ब्रश काय नि माऊस काय.

रात्रपाळी

आमच्याकडे डोळे करणारी एक मुलगी आहे. फक्त डोळे. तिच्याशीही त्या वेळी कोणी बोलत नाही. तिला हे वाचून दाखवतो.

फिरस्ता_नगरकर

एवढं सगळं झालं पण मुख्य प्रश्न राहिला. भाचा बाथरूमला जायला लागला का?

शेवग्याची_शेंग

लागला, पण दिवा लावून.

काल परत गेलो होतो. म्हटलं भीती मोडावी. जुना मोजा घेतला, दोन बटणं शिवली, हात घालून त्याला बोलून दाखवलं. मग त्याच्या हातात दिला. पठ्ठ्या तासभर ताईशी मोज्यातूनच भांडत होता, अभ्यास नाही करणार, भेंडी नाही खाणार. आत स्वतःचाच हात आहे हे त्याला चांगलं ठाऊक.

झोपताना मोजा टेबलावर ठेवला. दिवा घालवला. दोन मिनिटांनी अंधारात उठला, जाऊन मोज्याचं तोंड भिंतीकडे केलं, आणि मग झोपला.

मालवणी_खाजा

आता खरा सांगतंय. माझ्या लेकीन पण त्या रात्री बाहुली कपाटात ठेवल्यान. हसली तां दिवसा.